अठरावं गाठोडं

"अवो, त्यो धुरळा न्हाय, धूर हाय!"

दगडाबाईनं नवऱ्याला हे तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा लिंबाजीनं डोळे उघडले. तो घरासमोरच्या गोदामाच्या पायरीवर, लोखंडी दाराला पाठ टेकून बसला होता. झोपला नव्हता, राखण करत होता. राखण करताना डोळे उघडे असले पाहिजेत, असं सोसायटीच्या पोटनियमांत कुठंही लिहिलेलं नव्हतं.

गल्लीच्या वरच्या टोकाला, जाईबाईच्या घरामागून, काळपट पिवळा लोट उठला होता. वैशाखात खडकवाडीवर असे लोट रोजच उठत. त्यामुळं लिंबाजीनं आधी तिकडं ओळखीच्या माणसाकडं बघावं तसं नुसतं बघितलं. मग त्या लोटाच्या बुडाशी काहीतरी लाल हललं.

"आग हाय की गं," तो म्हणाला.

"मग म्या काय आरती म्हनत हुते व्हय इतका येळ?"

खडकवाडी मुरुमपासून चार कोसांवर. साल त्र्याहत्तर. पावसानं दोन वर्षं गावाचं नाव टाकलं होतं. धडधाकट माणसं सकाळी सहाच्या हजेरीला तीन मैलांवरच्या पाझर तलावाच्या कामावर जात आणि दिवस बुडताना परत येत. पोरंसुद्धा तिथं खायला सुकडी मिळते म्हणून आईबापांच्या मागं चालू लागत. मागं उरत ते म्हातारे, आजारी आणि लिंबाजीसारखे पगारी.

लिंबाजी सोसायटीच्या गोदामाचा राखणदार होता. गोदाम काळ्या दगडाचं, वर पत्रा, दाराला पंजाएवढं कुलूप. पहिली काही वर्षं त्यात बियाणं आलं, खताच्या गोण्या आल्या, गोण्यांसाठी दारात रांगा लागल्या आणि त्या रांगा सरळ ठेवता ठेवता लिंबाजीच्या डोक्याचे केस गेले. मग दुष्काळ पडला. आता आत चेअरमनची एक खुर्ची होती, बाकी काही नव्हतं. त्या काही नसण्याची राखण करायला त्याला खाकी कोट, पितळी बिल्ला आणि पगार मिळे. काम त्यानं इतकं चोख केलं होतं, की दोन वर्षांत आतलं काहीएक कमी झालं नव्हतं.

खरी राखण तो समोरच्या स्वतःच्या घरात करत होता.

त्याचं असं झालं. दुष्काळाच्या पहिल्या उन्हाळ्यात गावातला कडबा संपला. पुढं लोकांनी घरांवरची छपरं उतरवून जनावरांपुढं टाकायला सुरुवात केली. धुरानं काळं पडलेलं ते पाचट गाई आधी हुंगत, मग मालकाच्या तोंडाकडं बघत आणि मग नाइलाजानं खात. वर्षभरात अख्ख्या गल्लीची छपरं बैलांच्या पोटात गेली. उरल्या त्या मातीच्या भिंती, आणि वर वाशांवर कुणी पोतं टाकलेलं, कुणी फाटकं लुगडं. लिंबाजीकडं ना गाय होती ना बैल, शेळीसुद्धा नव्हती. म्हणून गल्लीत शाबूत छप्पर एकट्याचंच राहिलं. दिवसभर उघडं घर टाकून कामावर जाणाऱ्यांना आपली जपलेली वस्तू कुठं ठेवावी असा प्रश्न पडला, तेव्हा सगळ्यांना एकच उत्तर सुचलं. लिंबाजीमामाच्या घरात. वर छप्पर हाय आन् दारात बिल्लेवाला मानूस हाय.

आपल्या छपरात गर्दी होऊ लागली तेव्हा लिंबाजीनं चेअरमन आबारावांना एकदा विचारून बघितलं होतं.

"मालक, गोदाम रिकामंच हाय. लोकाच्या चार पेट्या ठिवल्या तर..."

"लिंबाजी," आबाराव पानाला चुना लावत म्हणाले, "सहकारात रिकामं असं काही नसतं. नियोजित असतं."

तेव्हा पेट्या घरातच राहिल्या. लिंबाजीची ठेवणाऱ्याला अट एकच होती. "आत काय हाय ते सांगू नगा. सांगितलं की माझी झोप गेली." तो वस्तू ओळीनं मांडी, वर भिंतीवर कोळशानं आकडा घाली आणि म्हणे, "आलास की घिऊन जा. दिलीस तशी मिळंल." ही दोन वाक्यं तो गोदामाच्या किल्लीइतकी जपत असे. अशा सतरा वस्तू झाल्या होत्या. अठरावी परवा आली.

ती अयोध्या नावाच्या बाईची. वीस-बावीस वर्षांची पोर. नवरा सोलापूरला कामाला म्हणून गेला तो तिकडचाच झाला होता. ती एकटीच राहत होती. तिनं नारळाएवढं गाठोडं दोन्ही हातांत धरून आणलं होतं.

"मामा, ह्याच्यात की नाय..."

"सांगू नगो!"

"बरं," ती हसली. "पर जरा कडंला ठिवा. पाय लागंल कुनाचा."

लिंबाजीनं ते आतल्या कोपऱ्यात ठेवलं. ठेवताना आत काहीतरी हलकंसं वाजलं. त्यानं कानाडोळा केला, म्हणजे कानानं केला, आणि भिंतीवर अठरा लिहिलं.

आणि आता आग लागली होती.

वरच्या अंगानं जाईबाई पळत आली. सत्तरीची बाई, पण पळणं चांगलं होतं.

"म्या राख टाकली न्हाय उकिरड्यावर!" ती लांबूनच ओरडली.

अजून तिला कुणी काही विचारलं नव्हतं.

"गोठा गेला, लिंबाजी! तुराट्याचा कूड गेला! आता कुपाटीला धरलीया!"

लिंबाजीनं गल्लीकडं बघितलं. जाईबाईचं घर आणि त्याचं घर यांच्यामध्ये चार घरं होती. चारींवर छप्पर नव्हतं. क्षणभर त्याला बरं वाटलं. जाळायलाच काही नाही तर आग येईल कशावरून? मग त्याला दिसलं, की घरांना नसलं तरी प्रत्येक परसाला बाभळीच्या वाळक्या फांद्यांचं कुंपण आहे. एकाचं संपतं तिथं दुसऱ्याचं सुरू होतं, आणि शेवटचं त्याच्या छपराच्या वळचणीला टेकलेलं आहे. आग त्या कुंपणावरून चालत येत होती. धावत नव्हती. सगळ्या गल्लीत तिला जायचं होतं असं घर एकच होतं, आणि त्याचा पत्ता तिला बरोबर माहीत होता.

"कुपाटी तोडा," दगडाबाई म्हणाली.

लिंबाजीनं कुऱ्हाड शोधली. कुऱ्हाड गल्लीतल्या मच्छिंद्रानं नेली होती. त्यानं काठीनं फांद्या ओढून बघितल्या. एक फांदी निघाली, दहा हाताला लागल्या. वारा पाठीमागून येत होता आणि ठिणग्या वाऱ्याच्याही पुढं.

"रांजनात पानी हाय दोन घागरी. वतू का छपरावर?"

"प्यायचं पानी हाय ते! टँकर परवा येनार!"

दगडाबाई त्याच्याकडं बघत राहिली. शेवटी त्यांनी एक घागर छपरावर ओतली आणि एक ठेवली. छपरानं ती कुठं जिरवली ते दिसलंसुद्धा नाही.

"आता सामान काडा," ती म्हणाली.

"व्हय. पर कुनाचं?"

हा प्रश्न विचारून तो स्वतःच घाबरला. संध्याकाळी माणसं कामावरून येतील, हात पुढं करतील, म्हणतील, मामा, माझं आना. अठरा माणसं. त्यातल्या एकालाही नाही म्हणावं लागलं तर राहिलं काय त्याच्यापाशी? खाकी कोट सोसायटीचा होता. बिल्लाही.

दगडाबाई तोवर आत जाऊन स्वतःची लहान पेटी घेऊन आली होती.

"ते ठिव आधी," तो म्हणाला.

"माझं लुगडं हाय ह्यात. हिरवं."

"कुठलं हिरवं?"

"मरनाचं. म्या मेल्यावर नेसवायचं. भावानं दिलेलं. ते जळलं तर म्या काय नेसून जाऊ?"

"मग मरू नगो इतक्यात! ठिव ते. आधी लोकाचं."

दगडाबाईनं पेटी जागेवर ठेवली. जोरात ठेवली, पण ठेवली.

"बरं, लोकाचं तर लोकाचं. मग आधी हलकं हलकं काडा. म्या गाठुडी घेते, तुमी डबे घ्या. एका खेपंत चार चार जातील."

इथं लिंबाजीनं ती गोष्ट केली जी सोसायटीत अकरा वर्षं काढलेला माणूसच करू शकतो.

"न्हाय," तो म्हणाला. "नंबरानं."

"काय नंबरानं?"

"जो पयला आला त्यो पयला. आपल्या मनानं कुनाचं आधी, कुनाचं मागं केलं तर उद्या लोक तोंडावर इचारतील. खताच्या टायमाला इचारत हुते तसं."

"अवो, आग लागलीया! ही काय खताची रांग हाय?"

"रांग म्हंजे रांग."

तो हट्टी नव्हता. त्याला फक्त दुसरी रीत येत नव्हती. कुणाचं मोलाचं आणि कुणाचं फुकाचं हे ठरवायला आतलं माहीत पाहिजे, आणि आतलं न विचारण्यावर तर त्याची सगळी अब्रू उभी होती. मग उरला आकडा. आकडा कुणाचा सगासोयरा नसतो.

पहिला आकडा मच्छिंद्राचा. पत्र्याची पेटी, हिरवा रंग, वर दोरी बांधलेली. लिंबाजीनं कडी धरून ओढली. पेटी हलली नाही. दगडाबाईनं दुसरी कडी धरली. पेटी वीतभर सरकली आणि दोघांच्या कमरेतून एकदमच आवाज आला.

"काय भरलंय गं ह्या मच्छिंद्रानं?"

"सोनं असंल."

"सोनं असतं तर खडी फोडाया गेला असता व्हय त्यो?"

"म्हनूनच जात असंल. कळू नये म्हनून."

तीस पावलांचा रस्ता. उंबऱ्यावर एकदा विसावले, रस्त्याच्या मधोमध एकदा. दुसऱ्या विसाव्याला लिंबाजीनं मागं बघितलं. आग तिसऱ्या परसाच्या कुंपणावर आली होती. ठिणग्या रस्त्यावर पडत होत्या. एक त्या पेटीवर पडली, तिच्या दोरीवर. त्यानं ती तळहातानं दाबली. सामान उघड्यावर ठेवून चालणार नव्हतं, हे त्याला तेव्हा कळलं.

"दार उघडा," दगडाबाई म्हणाली.

"गोदामाचं?"

"मग काय देवळाचं?"

"चेअरमनसाबाला इचारल्याबिगर..."

"कुठं हाय तुमचा चेअरमनसाब?"

"उमरग्याला. दुष्काळाच्या बैठकीला."

दगडाबाईनं त्याच्या कमरेची किल्ली धरली आणि ओढली. किल्ली करगोट्याला बांधलेली होती, त्यामुळं किल्ली आणि राखणदार दोघंही एकदमच कुलपापर्यंत पोचले. कुलूप उघडलं. दार करकरलं. आत गार अंधार होता आणि त्यात चेअरमनची खुर्ची एकटी बैठक भरवून बसली होती.

पेटी आत गेली. एका पेटीला गेलेला वेळ लिंबाजीनं मनात मोजला आणि उरलेल्या सतरांनी गुणून बघितला.

मग मात्र दोघं पळू लागले. दोन नंबरचा डबा, तीन नंबरचं बोचकं, चार नंबरची ट्रंक. जाईबाईही मदतीला आली. दर खेपेला "म्या न्हाय टाकली" एवढंच म्हणत ती सामान वाहत होती. पाच, सहा, सात. लिंबाजीला दम लागला होता, तरी तो आत शिरताना भिंतीकडं बघून आकडा मोठ्यानं म्हणे आणि तोच उचले. दर खेपेला त्याची नजर कोपऱ्यातल्या अठरा नंबरवर जाई. नारळाएवढं गाठोडं. दोन बोटांनी उचललं असतं. कोटाच्या खिशात मावलं असतं. एकदा, बारा नंबर उचलताना, त्याचा हात तिकडं गेलाही. पण हातात बारा होता आणि मध्ये पाच नंबर होते.

चौदाव्याला वळचण पेटली.

पाचट पेटतं तेव्हा आधी आवाज येतो, कुणी सूप पाखडतंय असा. धूर खाली आला. दगडाबाई आत होती. तिच्या डाव्या हाताला सोळा नंबरची पेटी आणि उजव्या हाताला तिची स्वतःची. आकाराला दोन्ही सारख्याच. दाराकडं येणारं अंग एक होतं, हात दोन होते, पण डोळ्यांवर पदर धरायला एक लागत होता. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात सोळा होता.

"तुझी?" लिंबाजीनं विचारलं.

"चला पुढं. पंधरा आन् सतरा आना."

त्यानं पंधरा आणि सतरा दोन हातांत एकत्र काढले. ते रस्त्यावर जाईबाईच्या हातात कोंबले आणि वळला. दारातून कोपरा दिसत होता. कोपऱ्यात गाठोडंही दिसत होतं. तेवढ्यात आढं मधोमध खचलं आणि पेटलेलं पाचट पडद्यासारखं खाली आलं. तो तरीही पुढं गेला, पण कोटाची मागची बाजू दगडाबाईच्या मुठीत होती.

"सोड!"

"न्हाय सोडत."

"एकच ऱ्हायलंय गं! एकच!"

ती नुसती धरून राहिली. कोटाची शिवण उसवली, पण सोसायटीचं जाड कापड होतं, फाटलं नाही.

कामावरची माणसं धूर बघून पळत आली तोवर सगळं बसलं होतं. गल्लीत शिरताना प्रत्येकानं आधी आपल्या घराकडं बघितलं. घरं जागच्या जागी होती. छप्पर नसल्यामुळं जळायला काही नव्हतं. कुंपणं गेली, भिंती काळ्या पडल्या, झालं. जाईबाईचा गोठा गेला होता, आणि लिंबाजीचं घर. ज्या घरात गावानं जपायला म्हणून सगळं ठेवलं होतं तेवढंच एक घर गेलं होतं. हे ध्यानात यायला लोकांना थोडा वेळ लागला. मग सगळे एकदमच ओरडले.

"मामा! आमचं?"

"गोदामात," लिंबाजी म्हणाला. "नंबरानं या."

लोक नंबरानं आले नाहीत. सगळे एकदमच आत घुसले, आणि घाईघाईनं दोऱ्या सोडून बघू लागले. इतके दिवस जे कुणी कुणाला सांगितलं नव्हतं ते गोदामाच्या फरशीवर सगळ्यांसमोर उघडं झालं. बनाबाईच्या डब्यात चार पायली शाळूचं बियाणं होतं. घरात दोन दिवस चूल पेटली नव्हती तेव्हाही तिनं ते काढलं नव्हतं. व्यंकटच्या ट्रंकेत बैलाच्या घुंगरमाळा होत्या. बैल मागच्या वर्षीच मुरुमच्या बाजारात गेला होता. व्यंकटनं माळ हलवून वाजते का बघितली आणि चटकन झाकण लावलं.

मच्छिंद्रानं आपल्या पेटीची दोरी सोडली. आतून जात्याची वरची तळी निघाली. तिच्याखाली खालची तळी होती.

दोऱ्या सोडणारे सगळे वळून बघू लागले.

"जातं?" दगडाबाई म्हणाली.

"नवी टाकी लावून आनलं व्हतं, मामी," मच्छिंद्र म्हणाला. "घरी ठिवलं की शेजारनी मागत्यात. झिजवत्यात."

"दगूड! अरं भाड्या, आगीतनं दगूड वडून काडला आमी! दगूड जळतो व्हय रं कुठं?"

"आन् दळनार काय हुतास?" मागून कुणीतरी म्हणालं. "सुकडी?"

मग सगळे हसले. काळवंडलेल्या तोंडांनी, पोट धरून हसले. मच्छिंद्रही हसला, जातं तसंच झाकून. लिंबाजी हसला नाही. तो दाराकडं बघत होता.

मध्येच चेअरमनची जीप आली. आबारावांनी आधी आपलं गोदाम बघितलं, मग आतली माणसं बघितली, मग खुर्चीवर ठेवलेलं बनाबाईचं बियाणं बघितलं.

"हे कुणाच्या परवानगीनं उघडलं?"

आबारावांनी लिंबाजीच्या घराच्या जागेकडं बघितलं. तिथून अजून धूर येत होता. माणूस वाईट नव्हता, फक्त चेअरमन होता. त्यानं तिथंच जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून ठराव लिहिला, की आग लागल्यास गोदाम उघडण्यास राखणदारास परवानगी देण्यात येत आहे. आणि त्यावर कालची तारीख घातली. त्या ठरावात राखणदारानं राहायचं कुठं याचा उल्लेख नव्हता. तो विषय पत्रिकेवर नव्हता.

अयोध्या सगळ्यांत शेवटी आली. ती तलावाच्या पार पल्याडच्या बाजूला माती टाकत होती, तिथं बातमी उशिरा पोचली. तोवर गोदाम मोकळं झालं होतं. ती दारात उभी राहिली आणि तिनं आत बघितलं. फरशीवर खुर्ची होती.

लिंबाजी पायरीवरून उठला. दुपारपासून तो हे वाक्य जुळवत होता. ते त्याला जुळलं नव्हतं.

"पोरी, तुझा नंबर शेवटचा व्हता," तो म्हणाला.

अयोध्येला आधी कळलं नाही. मग कळलं. तिचा हात पदराच्या टोकाकडं गेला आणि तिथंच राहिला.

"म्या जात हुतो गं आत," तो म्हणाला. "हिनं धरलं." तो दगडाबाईकडं बोट दाखवत होता. मग त्याला आपल्या बोटाची लाज वाटली आणि त्यानं ते खाली घेतलं. "न्हाय. माझं चुकलं. हलकं व्हतं, आधी काडाया पायजे हुतं. म्या नंबरानं काडलं."

"असू द्या, मामा."

"काय व्हतं त्यात?"

आयुष्यात त्यानं हा प्रश्न कुणाला पहिल्यांदाच विचारला होता. अयोध्या त्याच्याकडं बघत राहिली. त्याच्या भुवया जळाल्या होत्या. तळहातावर फोड आला होता. दगडाबाई मागं भिंतीला टेकून बसली होती आणि दोघांच्या अंगावरच्याशिवाय त्यांच्यापाशी काही उरलं नव्हतं.

"काय न्हाय, मामा," ती म्हणाली. "चिंद्या हुत्या."

"खरं?"

"खरं की. जुन्या चिंद्या. उगं ठिवल्या हुत्या." ती हसलीसुद्धा. "तुमी कामून जिवाला लावून घेता? मामी, भाकर आनू का? दोन हायती."

भाकरी आणून देऊन ती गेली. दगडाबाईनं तिच्या पाठमोऱ्या अंगाकडं बघत सुटकेचा श्वास टाकला.

"चिंद्या हुत्या म्हनं. बरं झालं बाई. चिंद्यांवरच निभावलं."

लिंबाजीनं भाकरीचा तुकडा मोडला, तो हातातच ठेवला. परवा गाठोडं ठेवताना आत काहीतरी वाजलं होतं. चिंध्या वाजत नाहीत, हे त्याला माहीत होतं. ते त्यानं दगडाबाईला सांगितलं नाही.

गोदामात झोपायची परवानगी ठरावात नसल्यामुळं दोघं बाहेर पायरीवर झोपली. पहाटे उजाडायच्या बेताला लिंबाजी पाय मोकळे करायला गोदामाच्या मागं गेला. परत येताना कोपऱ्यावर थांबला.

समोर त्याच्या घराच्या जागी कुणीतरी बसलं होतं. अयोध्या. तिच्या मांडीशी चाळणी होती. कोपऱ्याच्या अंगाची राख ती दोन्ही ओंजळींनी चाळणीत घेई, हलकेच हलवी, चाळणीत उरलेलं बोटांनी चाचपून बघे आणि बाजूला टाकी. मग दुसरी ओंजळ. राख अजून कोमट असावी, कारण मध्येच ती बोटं तोंडाशी नेऊन फुंकत होती. लांबून तलावाच्या वाटेवरून कामावर निघालेल्या माणसांचे आवाज येऊ लागले. हजेरी चुकली तर दिवस जातो, हे तिलाही माहीत होतं. तिनं आणखी चार ओंजळी चाळल्या. सापडलं काही की नाही, हे लिंबाजीला एवढ्या लांबून दिसलं नाही.

मग ती उठली, आणि पुन्हा खाली बसली. उपसलेली राख तिनं परत जागच्या जागी लोटली. चाळणीतले खडे त्यावर विखरून टाकले. मग तळहातानं, भुई सारवावी तशी, ती सगळी राख कडेपासून कडेपर्यंत सारखी केली. वळून एकदा बघितलं. पावलं उमटली होती ती मागं मागं सरकत पदराच्या टोकानं पुसली. चाळणी पदराखाली घेतली आणि ती भिंतीच्या कडेकडेनं निघून गेली.

लिंबाजी ती गल्लीच्या वळणापलीकडं जाईपर्यंत कोपऱ्यामागं उभा राहिला. मग उगाच मोठ्यानं खाकरला आणि पुढं आला.

दगडाबाई जागी झाली होती. "कोन व्हतं तिकडं?"

"कुनी न्हाय," लिंबाजी म्हणाला, आणि कोटाची बटणं लावायला लागला.